अटॅकने गेला, असं आम्ही नऊ महिने सांगत होतो

माझा मोठा भाऊ ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. आत्महत्येने गेला. हे वाक्य मला आता लिहिता येतं, चारचौघांत बोलताही येतं, पण ते जमेपर्यंत घरात काय काय झालं आणि त्यात एका संस्थेतल्या लोकांनी कसा हात दिला ते लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. कसं केलं, कुठे केलं ते लिहिणार नाही, त्या संस्थेत घरात असं झालेल्यांचा ग्रुप बसतो, त्याचा तसा नियम आहे आणि तो का आहे ते मला पटलंय. संस्थेचं नावही टाकत नाही, कारण नाशिक केवढंसं, कॉलेज रोडला शिंकलं की सिडकोत ऐकू जातं, आणि त्या खोलीत माझ्यासोबत बसणाऱ्यांनी काही आमच्याबद्दल लिही म्हणून सांगितलेलं नाही.

तर खोटं कसं सुरू झालं ते आधी. सिव्हिलच्या आवारात पोस्टमॉर्टेमसाठी (पीएम) थांबलो होतो. मामांचा फोन सारखा वाजत होता, मी नुसता त्यांच्याकडे बघत बसलेलो, आणि एका फोनवर मामा म्हणाले, "अटॅक आला हो, झोपेतच." कुणी ठरवलं नव्हतं, मामांनीही ठरवलं नसावं, तोंडातून निघून गेलं. पण मग पुढच्या फोनला तेच सांगावं लागणार, त्याच्या पुढच्याला पण तेच, आणि संध्याकाळी अमरधामला लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून मलाच समजावत होते की हल्ली तरुण पोरांनाही येतो, टेन्शन असतं, बाहेरचं खाणं असतं, कोविडनंतर तर फारच वाढलंय. दादा त्रेचाळीसचा होता. मी मान हलवत होतो.

कागदावर हे खोटं सहज पकडलंही जात नाही. मृत्यू दाखल्यावर नाव असतं, तारीख असते, ठिकाण असतं, कारण नसतं. पोलिसांकडे मात्र सगळं असतं, अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, जबाब, पीएम रिपोर्ट, आणि विम्याचा क्लेम करायचा म्हटलं की हे सगळे कागद झेरॉक्स मारून जोडावे लागतात. ओळखीतल्या एका एजंटने छातीठोक सांगितलं होतं की अशा केसला पैसे मिळतच नाहीत, वहिनी तर फाइल कपाटात ढकलून मोकळ्या झाल्या होत्या. तसं नसतं. पॉलिसी सुरू होऊन बारा महिने उलटले असतील तर आत्महत्येतही पूर्ण रक्कम मिळते, आणि बारा महिन्यांच्या आतली असेल तर भरलेल्या हप्त्यांचे किमान ८० टक्के परत मिळतात. दादाची पॉलिसी नऊ वर्षांची जुनी होती. हे मला संस्थेत कळलं, एजंटकडून नाही. कुणाच्या घरात अशी फाइल पडून असेल तर आज काढा बाहेर.

दहावं गंगेवर केलं (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरगावच्यांसाठी सांगतोय). रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा. आमच्या शेजारी दोन जणांचे विधी चालू होते, त्यांच्या पिंडांना मांडल्या मांडल्या शिवले. आमच्याकडे एक कावळा उड्या मारत आला, मान वाकडी करून बघितलं आणि बाजूला पडलेली शेव उचलून उडाला. मग सुरू झालं, काहीतरी इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी. काका म्हणाले पोरीचं शिक्षण आम्ही बघू. नाही शिवला. मामा म्हणाले वर्कशॉपचं कर्ज फेडू. नाही. मला पुढे ढकललं, मी हात जोडले आणि काहीच सुचेना, काय बोलणार. अर्धा पाऊण तास ऊन खाल्ल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आणि माझ्या मागून एका बाईचा आवाज आला, लांबच्या नात्यातली कुणीतरी, "अटॅकने गेलेल्याची एवढी काय इच्छा राहिली असेल गं?"

म्हणजे विश्वास कुणाचाच बसलेला नव्हता. आम्ही सांगत होतो, ते ऐकत होते, आणि घरी जाऊन आपापलं कारण लावत होते. कुणी म्हणे कर्ज, कुणी म्हणे दारू (दादा प्यायचा नाही), आणि बहुतेकांची गाडी फिरून फिरून वहिनींवर यायची, घरात काहीतरी झालं असणार, बाईचा स्वभाव. त्यांना तोंडावर कुणी म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं.

आता जे लिहितोय ते मी ग्रुपमध्ये तिसऱ्या वेळेस बोललो, त्याआधी बायकोशी सुद्धा नीट बोललो नव्हतो. २०२२ च्या सुरुवातीला दादाने एकदा प्रयत्न केला होता. वाचला. आम्ही त्याला रात्री एका खासगी हॉस्पिटलला नेलं आणि सकाळी सगळ्यांना सांगितलं बीपी लो झालं. पोलीस केस होईल, पोराचं नाव खराब होईल, सातपूरला त्याचं जॉबवर्क होतं, पार्ट्या ऑर्डरी काढून घेतील, अशी कारणं होती, तेव्हा ती खरीच वाटत होती. आठ दिवसांत तो कामावर गेला आणि आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. कधीच नाही. तो एकदा जेवताना म्हणाला होता, "त्या दिवशी जे झालं ना," आणि आई म्हणाली, "जाऊ दे आता, भाजी घे." आईला दोष देत नाही. मीही ताटाकडेच बघत होतो.

नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, त्यात सरळ म्हटलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन बघणं सरकारचं काम. म्हणजे ज्या केसला घाबरून आम्ही बीपी लो सांगितलं, ती भीती २०२२ मध्ये आधीच शिळी झालेली होती. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतल्या ३०९ सारखं कलमच ठेवलेलं नाही. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर डॉक्टरांना खरं सांगितलं असतं का, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय.

नोव्हेंबरात नातेवाइकांनी लावून धरलं म्हणून त्र्यंबकला नारायण नागबली केला. मी हे मानतो असं नाही आणि मानत नाही असंही ठणकावून म्हणवत नाही. तीन दिवस, पांढरं धोतर, तिसऱ्या दिवसापर्यंत गाव सोडायचं नाही, पिठाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी करायचे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. सुरुवातीलाच गुरुजींनी विचारलं, "कसे गेले?" त्यांचं रोजचं काम, भाजीवाला पाव किलो का अर्धा विचारतो तसं विचारलं. मी मामांकडे बघितलं, मामा जमिनीकडे बघायला लागले, आणि मागून आईचा आवाज आला, "स्वतःहून गेला." गुरुजी म्हणाले, "बरं," आणि पुढचं साहित्य मांडायला लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं आणि आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. घरी आल्यावर मात्र आई शेजारच्या काकूंना परत अटॅकच म्हणाली.

डिसेंबरात माझी झोप गेली. आदल्या संध्याकाळी दादा माझं ड्रिल मशीन परत द्यायला वर आला होता (आमचं सिडकोत दुमजली घर, तो खाली, आम्ही वर), मी मॅच बघत होतो, मान न वळवता म्हटलं, ठेव तिथंच. तो थोडा वेळ दारात उभा राहिला आणि गेला. हे रात्री दोन वाजता सुरू व्हायचं, ठेव तिथंच, ठेव तिथंच, आणि पहाटेपर्यंत चालायचं. दिवसा अंबडला कंपनीत मायक्रोमीटर हातात धरून एकच पीस चार चार वेळा मोजायचो. मग हळूहळू असं वाटायला लागलं की आपणही नसतो तर बरं, नुसतं नसतो, आणि मग ते नुसतं राहिना. एका रात्री जिन्यात बसून १४४१६ लावला. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते, मराठी आहे. नंबर कंपनीतल्या एका पोस्टरवर होता, कँटीनच्या बेसिनवर, हात धुताना रोज वाचायचो आणि आपला काय संबंध म्हणून सोडून द्यायचो.

पलीकडच्या मुलाने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" इतकं सरळ आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, येतो. मला वाटलं आता हा गीता सांगणार किंवा आईबापाची आठवण करून देणार, त्याने विचारलं, आत्ता येतोय का, काही ठरवलंय का, जवळ काही आहे का, घरात कोण आहे. म्हटलं बायको झोपलीये. तो म्हणाला, "मी लाइनवर थांबतो, त्यांना उठवाल का?" मी उठवलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, फोन घेतला, त्याच्याशी बोलली आणि मग गॅस लावला, पहाटे तीन वाजता. लोकांना वाटतं असं थेट विचारलं की डोक्यात नसलेला विचार घुसतो. उलट आहे. माझ्या डोक्यात तो होताच, विचारल्यावर त्याला बाहेर यायला दार मिळालं.

दुसऱ्या दिवशी बायको सिव्हिलला मानसोपचार विभागात घेऊन गेली. केसपेपर, लाइन, डॉक्टर, झोपेसाठी आणि मूडसाठी गोळ्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जाताना डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक फोन नंबर लिहून दिला, म्हणाले गोळी गोळीचं काम करेल, पण घरात असं झालेल्यांचा एक ग्रुप बसतो तिथे जाऊन या.

पहिल्यांदा गेलो ते भांडायच्या तयारीनेच. फुकट म्हटलं की मला भीती वाटते, काहीतरी गळ्यात मारणार, नाहीतर एखाद्या बाबाचा फोटो निघणार भिंतीवर. गंगापूर रोडला जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पाण्याचा जार, भिंतीवर कॅलेंडर सोडून काही नाही. देणगीपेटी शोधली, नव्हती. फॉर्ममध्ये चारच गोष्टी, तुम्हाला काय नावाने हाक मारू, फोन, कोण गेलं, कधी गेलं. कसं गेलं हा कॉलमच नाही. मी फॉर्म देणाऱ्या, संस्थेतल्या ताईंना म्हटलं, कारण लिहायला जागा नाहीये. त्या म्हणाल्या, "इथे येणाऱ्या सगळ्यांचं एकच असतं." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कसे आहात, सुरक्षित आहात का?" नंतर दर वेळी त्यांनी हे विचारलं, शेवटच्या वेळेपर्यंत, पाहुण्याला पाणी विचारतात तसं.

ग्रुपच्या आधी तीन वेळा एकटं बसवतात. मी सल्ल्याची वाट बघत होतो, सल्ला आलाच नाही. ड्रिल मशीनचं सांगितलं तर मला वाटलं म्हणतील, तुमची काही चूक नाही, सगळेच म्हणतात. त्या म्हणाल्या, "त्या संध्याकाळी तुम्हाला काय माहीत होतं आणि आज काय माहीत आहे, हे दोन वेगळे कागद आहेत, तुम्ही आजचा कागद घेऊन त्या दिवसाची परीक्षा देताय." हे लगेच पटलं असं नाही, पण रात्री दोन वाजता वापरायला एक वाक्य मिळालं. दुसऱ्या वेळी आम्ही एका कागदावर लिहून काढलं की माझं बिनसायला लागलं हे मला कशावरून कळतं, मग मी आधी काय करणार, कुणाला फोन करणार, एक नाही तर तीन नावं, आणि घरातल्या कोणत्या गोष्टी बायकोच्या ताब्यात राहणार. तो कागद अजून पाकिटात आहे, घडीवर फाटलाय, सेलोटेप लावलीये.

जानेवारी २०२४ पासून ग्रुप. एक रविवार आड, अकरा ते साडेबारा. नियम कमी आहेत, कसं केलं त्याचं वर्णन नाही, कुणी कुणाला उपदेश नाही, बोलायचं नसेल तर नुसतं बसलं तरी चालतं, इथलं बोलणं इथेच राहील, मात्र कुणाच्या जिवाला धोका वाटला तर ते गुपित ठेवलं जाणार नाही. वर्णन नको यावर मला आधी राग आला होता, म्हटलं मग बोलायचं काय. दोन वेळा बसल्यावर कळलं, ते चित्र तर डोळ्यापुढे असतंच, त्याच्यावर बोलत बसलं की माणूस मागे राहतो आणि फक्त शेवटचा दिवस उरतो, शिवाय समोर बसलेल्यात कोण किती काठावर आहे हे कुणाला माहीत. म्हणून तिथे माणसांबद्दल बोलतात. मी दादाच्या शिट्टीबद्दल बोललो, लेथवर काम करताना शिट्टी वाजवायचा, सूर कधीच लागायचा नाही.

निफाडकडच्या एक मावशी येतात, बसने, नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षा करतात. त्यांचा मुलगा गेलाय, शिकत होता. पहिले दोन महिने त्या पदर तोंडाला लावून बसायच्या. एकदा कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, जीव दिला, आणि मावशींनी पदर काढला, म्हणाल्या, "सगळे म्हणत्यात पोरानं जीव दिला. दिला दिला, पण कुणाला दिला? मला द्यायचा ना." खोलीत कुणीच काही बोललं नाही. ताईंनीही नाही. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, तो लांब जाईपर्यंत सगळे तसेच बसून राहिलो, आणि मग मावशीच म्हणाल्या, "चहा सांगा आता."

त्यावरून शब्दांचा विषय निघाला. आत्महत्या या शब्दातच हत्या आहे, आणि तिला केली लावलं की खून केला, चोरी केली त्या रांगेत माणूस जाऊन बसतो. ग्रुपमध्ये आत्महत्येने गेला म्हणतात, कॅन्सरने गेला म्हणतात तसं. सुरुवातीला मला हे उगाच वाटलं, व्याकरणाने काय होणार. पण बोलून बघा. केली म्हटलं की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न असतो का केली. गेला म्हटलं की तो विचारतो, कधी गेला.

टपरीवरून कटिंग आणायचं काम एक रिटायर्ड सर करतात, नाशिकरोडचे, त्यांची मिसेस गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आता ते व्हॉलंटियर आहेत. त्यांनी एकदा चहा ओतता ओतता सांगितलं की या कामाची सुरुवातच चहावरून झालीये. लंडनला चॅड व्हारा नावाचा एक पाद्री होता. तरुणपणी, १९३५ मध्ये, त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला, तिला पाळी आली होती आणि तिला वाटलं काहीतरी घाणेरडा रोग झालाय, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. १९५३ मध्ये त्याने चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि लोकांना सांगितलं, असं वाटत असेल तर मला फोन करा नाहीतर या. एवढे लोक यायला लागले की त्यांना ताटकळत बसावं लागायचं, म्हणून बाहेर काही साधी माणसं ठेवली, चहा द्यायला, बोलत बसायला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की बरेच जण चहा घेऊन, त्या माणसांशी बोलून, त्याला न भेटताच बरं वाटून घरी जातायत. ती समॅरिटन्स संस्था. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्नेहा सुरू केली, पुण्यात कनेक्टिंग आहे, अशी कामं चालू आहेत. सर म्हणाले, "म्हणून मी चहा सोडून दुसरं पद घेत नाही." सरांना आकडेही पाठ असतात, २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जण असे गेले, त्यात २२ हजार ७४६ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. मी मनात म्हटलं, आमचा पुढच्या वर्षीच्या यादीत असेल. पोलिसांच्या नोंदीत तरी अटॅक लिहिलेलं नाही.

आता चिऊचं. दादाची मुलगी, तेव्हा चौथीत. घरात चिऊ म्हणतो, तेवढंच लिहितो. तिलाही अटॅकच सांगितलं होतं. मार्चमध्ये वहिनी पहिल्यांदा माझ्यासोबत ग्रुपला आल्या आणि त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की पोरगी रात्री उठून माझ्या छातीला कान लावते. त्यांना वाटायचं बिलगते. मग एकेक निघायला लागलं, ती शाळेत खो-खो खेळायची ते बंद केलं, पीटीच्या तासाला पोट दुखतं सांगून बसून राहते, आजीला जिना चढू देत नाही, मला डब्यात तेलकट देऊ नका म्हणते. ताईंनी विचारलं, "तिला काय सांगितलंय?" आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. धडधाकट बापाचं हार्ट झोपेत बंद पडलं असं आम्ही त्या पोरीला सांगितलं होतं. मग ती आख्ख्या घराची हार्टं सांभाळत बसली होती, रात्री दोन वाजता, मी वर जिन्यात बसायचो त्याच वेळेला.

ताईंनी घाई केली नाही. दोन रविवार वहिनींची तयारी करून घेतली. वाक्यं छोटी हवीत, खरी हवीत, कसं ते सांगायचं नाही, देवाने नेलं किंवा झोपला असं म्हणायचं नाही कारण मग पोरं देवाला नाहीतर झोपेला घाबरतात, तुझ्यामुळे झालं नाही हे न विचारता सांगायचं, आणि ती एकदाच विचारेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. वहिनींनी ते वहीत लिहून घेतलं आणि भांडी घासताना पाठ करायच्या, मी ऐकलंय.

मे महिन्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, कावळे हाकलायचं काम चिऊचं, हातात छत्री घेऊन बसलेली. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसल्या, मी टाकीला टेकून. वहिनी म्हणाल्या, "बाबाला हार्ट अटॅक आला नव्हता. बाबाचं मन खूप आजारी होतं, आम्हाला ते नीट कळलं नाही, आणि त्या आजारात त्याने स्वतःचा जीव घेतला. यात तुझं काही चुकलं नाही." चिऊ छत्रीच्या टोकाने जमीन टोकरत राहिली. मग म्हणाली, "माहितीये. व्हॅनमध्ये सांगितलं मला एकीने."

"कधी?"

"दुसऱ्या युनिट टेस्टला."

म्हणजे ऑक्टोबर. सात महिने तिच्याकडे दोन बाबा होते, एक अटॅकवाला आणि एक व्हॅनमधला, खरा कुठला ते माहीत नाही म्हणून ती दोन्हीला घाबरत होती आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून विचारत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "मग बाबाचं हार्ट चांगलं होतं?" वहिनी म्हणाल्या, एकदम चांगलं. "माझं?" तुझंही. एवढ्यात एक कावळा कुरडई घेऊन गेला आणि ती छत्री घेऊन त्याच्यामागे पळाली, चांगली पळाली.

सगळं त्या दिवशी मिटलं असं नाही. जूनमध्ये तिचं सुरू झालं, डॉक्टरकडे का नाही नेलं, रोज, कधी दिवसातून दोनदा. मी तिला २०२२ चं सांगितलं, तिच्या भाषेत, की एकदा आम्हाला कळलं होतं बाबाला बरं नाही आणि आम्ही घाबरून लपवलं. ती म्हणाली, "माझ्यापासून पण लपवलं." मी म्हटलं, हो. यावर मला काही उत्तर नव्हतं आणि ताईंनी शिकवलेलंही काही नव्हतं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी गणिताची वही घेऊन वर आली. आता मधूनच विचारते, "काका, तू गोळी घेतली का?" आणि स्ट्रिप बघितल्याशिवाय जात नाही. खो-खो परत सुरू झालंय, पण कान लावणं अजून पूर्ण गेलेलं नाही, परीक्षा आल्या की होतं.

मामा अजून अटॅकच सांगतात. त्यांचं त्यांच्याकडे, आधी चिडायचो, आता नाही. मी कंपनीत माझ्या शिफ्टमधल्या दोघांना खरं सांगितलं, त्यातला एक जण दुसऱ्या दिवशी डबा खाताना हळूच म्हणाला, माझी मावसबहीण पण. बस एवढंच, पुढे बोलला नाही, मी नंबर दिला.

राहिली आई. तिला मी कितीदा ग्रुपला चल म्हटलं, ती म्हणते मला काय बोलायचंय लोकांत जाऊन. मागच्या आठवड्यात चिऊ माझ्याकडे आली, दार लोटलं आणि एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "काका, आजीला अजून अटॅकच वाटतो ना? तिला कोण सांगणार?" मी सांगणार होतो की अगं, आजीला सगळं माहितीये, त्र्यंबकला सगळ्यात आधी तीच बोलली. पण मग वाटलं हे आईनेच सांगावं तिला. खाली गेलो आणि आईला म्हटलं नात काय म्हणते ते. आई तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "किती जिने आहेत तिथे?"

"दोन."

"गुडघे दुखतात," म्हणाली. "रविवारी सकाळी बघू."